पुंजणी आणि पिन

नाशिक, नगर, जळगाव, येवला अशा गावांच्या जुन्या बाजारपेठांतील भांड्यांच्या दुकानांत गल्ल्याजवळच्या एका खणाला एके काळी फार मान होता. त्या खणात स्टोव्हच्या पिना, निपल, वायसर, काकडे आणि निपल काढण्याची लांब दांड्याची चावी असे. पिन म्हणजे पत्र्याची बोटभर पट्टी आणि तिच्या टोकाला केसासारखी बारीक तार. वस्तू काही पैशांची. पण दिवस कलू लागला की कुणाचे तरी पोर धापा टाकीत दुकानाची पायरी चढे आणि ‘स्टोव्हची पिन द्या’ म्हणून मूठ पुढे करी, तेव्हा एका घराचा सगळा स्वयंपाक त्या तारेवर अडलेला असे. जैन घरात तर या अडण्याला घड्याळही लागलेले असे. सूर्य मावळला की ताट वाढायचे नाही. इतरांकडे जेवण अर्धा तास उशिरा होई. इथे ते उद्यावर जाई.

नाशिक जिल्ह्यातील एका बाजारपेठेत तीन पिढ्या भांड्यांचा व्यापार करणाऱ्या एका ओसवाल घराण्यात या खणाची चावी थोरल्या शेठजींच्या कमरेला असे. सोन्याच्या तिजोरीची चावी मुलांकडे गेली तरी ही गेली नाही. लोक हसत. शेठजींचे म्हणणे असे, की मोठी भांडी घ्यायला गिऱ्हाईक लग्नसराईत एकदा येते, पिनेसाठी महिन्यातून दोनदा येते. दुकानाची परीक्षा पिनेला होते.

स्टोव्ह आता बहुतेकांच्या माळ्यावर गेला, त्यामुळे त्याचे यंत्र नव्या पिढीला ठाऊक नाही. स्वीडनच्या स्टॉकहोम शहरात फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी १८९२ साली बिनवातीचा, बिनकाजळीचा स्टोव्ह केला आणि ‘प्रायमस’ या नावाने तो जगभर पसरला. १९११ साली दक्षिण ध्रुवावर पोहोचलेल्या अमुंडसेनच्या सामानात तो होता, १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही होता. पितळेची बैठी टाकी, तीन पाय, मधोमध बर्नर आणि कडेला पंप. वातीच्या स्टोव्हमध्ये रॉकेल वातीतून चढते आणि जळते. इथे ते जळण्याआधी त्याची वाफ व्हावी लागते. म्हणून आधी स्पिरिटचा काकडा पेटवून बर्नर तापवायचा, मग हवेचा स्क्रू बंद करून पंप मारायचा. दाबाने रॉकेल वर चढते, तापलेल्या नळ्यांतून फिरताना त्याची वाफ होते, ती निपलच्या छिद्रातून जोराने सुटते, वाटेत हवा ओढून घेते आणि निळी होऊन जळते. ते छिद्र सुमारे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे असते. बारा जणांच्या कुटुंबाचा भात त्या छिद्रातून येई.

एवढ्या लहान वाटेत कचरा अडकायला काय वेळ लागतो? रेशनवरचे निळे रॉकेल पिंपाच्या तळाचे मिळाले की त्यात गंजाचे कण असत. ते गाळण्यासाठी नरसाळ्यात बारीक जाळी असे. या घरातल्या थोरल्या शेठाणी, ज्यांना सारे ‘बाई’ म्हणत, त्या जाळीवर दुहेरी कापडही धरीत. पाण्याचे गाळणे वेगळे, रॉकेलचे वेगळे, आणि दोन्ही वेगवेगळ्या खुंट्यांवर. तरीही बर्नरच्या आत, तापलेल्या नळ्यांतच, रॉकेलमधील कार्बनचे कण धरत. बर्नर पुरता तापण्याआधी घाईने पंप मारण्याची सवय असलेल्या घरात तर ते लवकर धरत. ज्योत एका बाजूने पिवळी होई, भांड्यांच्या बुडाला काजळी येई, मग फरफर आवाज मंदावे आणि स्टोव्ह ‘बसे’.

बसलेला स्टोव्ह पाहून माणसाचा पहिला हात पंपाकडे जातो. जोर लावला की अडलेले सुटेल, ही समजूत माणसात फार जुनी आहे. प्रत्यक्षात छिद्र बंद असताना टाकीत दाब वाढवीत नेला, की पुढे छिद्र एकदम मोकळे होते, तोवर बर्नर गार झालेला असतो, आणि वाफेऐवजी कच्च्या रॉकेलची चिळकांडी उडते. त्यालाच भडका म्हणतात. दुसरा हात जातो जाड सुईकडे. कापड शिवायची सुई निपलमध्ये रोवून फिरवली की पितळ मऊ असल्याने छिद्र रुंद होते. त्या दिवसापुरता स्टोव्ह पेटतो, पण नंतर त्याची ज्योत कधीच पूर्ण निळी होत नाही आणि रॉकेल दीडपट लागते.

पिन मारण्याचीही रीत होती. बर्नर तापलेला हवा, टाकीत थोडी हवा हवी, तोंड बाजूला हवे, आणि पिन सरळ उभी धरून एकदाच खाली-वर करायची. म्हणजे कण मोकळा होतो आणि आतल्या वाफेच्या जोराने बाहेर फेकला जातो. थंड स्टोव्हवर, दाब नसताना पिन मारली तर कचरा नुसता आत ढकलला जातो आणि दहा मिनिटांनी पुन्हा त्याच छिद्रात येऊन बसतो. पुष्कळ घरांत ‘आमचा स्टोव्ह सारखा बसतो’ ही जी तक्रार असे, तिचे मूळ एवढेच होते.

शेठजी ही रीत प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावून सांगत आणि मगच पिन देत. नवा बर्नर मागायला कुणी आला तर जुना दाखवल्याशिवाय ते नवा देत नसत. जुना हातात घेऊन उजेडाकडे धरायचा, निपल काढून त्यातून पाहायचे, बर्नर जमिनीवर हलकेच आपटून काय गळते ते पाहायचे. दहांतले सहा बर्नर निपल बदलून किंवा नुसते साफ करून चालू होत. बाजारातील इतर व्यापारी याला धंद्याची अक्कल नसणे म्हणत. त्यांचे म्हणणे निव्वळ हिशेबाने पाहिले तर चूकही नव्हते. श्रावकाच्या तिसऱ्या अणुव्रताच्या अतिचारांत खोटे वजन-माप आणि भेसळीचा माल येतो. गिऱ्हाइकाला नको असलेला बर्नर त्याने स्वतःच मागितला म्हणून विकणे त्यात कुठेही येत नाही. शेठजींनी ते आपल्यापुरते त्यात घातले होते.

एका गोष्टीत मात्र त्यांचा खण त्यांनाच अडचणीत आणी. पंपाच्या दांड्याला जो वाटीसारखा वायसर असतो, तो चामड्याचा. तेलाचे बोट लावले की तो फुलतो, पंपाच्या नळीला घट्ट बसतो आणि हवा कोंडतो. वाळला की पंप नुसताच वर-खाली होतो आणि लोक समजतात की बर्नर तुंबला. ज्या घरात चामड्याचा पट्टा बाहेरच्या खोलीत काढून मगच स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे, त्या घरात चामड्याचा तुकडा चुलीच्या पोटात बसलेला. बाईंना हे कळले ते एकदा पंप खोलला गेला तेव्हा. त्या दिवसापासून तो स्टोव्ह त्यांनी ओसरीवर ठेवला आणि घरात दगडी कोळशाची शेगडी पेटवली. शेठजींनी रबराचे वायसर मागवले. साधे रबर रॉकेलमध्ये फुगते. पंधरवड्यात वायसर नळीत अडकून बसे. तेलाला टिकणारे रबर पुढे मिळू लागले, तोवर बाई दर पंधरा दिवसांनी नवा रबरी वायसर घालून घेत आणि त्याबद्दल चकार शब्द काढीत नसत. दुकानात चामड्याचे वायसर विकावेत की नाही, हा प्रश्न मात्र घरात कितीतरी वर्षे भिजत पडला होता. अखेर शेठजींनी ते ठेवणे बंद केले. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात वायसर घेई आणि पिनही तिथेच घेई. नुकसान झाले, ते त्यांनी कधी मोजून दाखवले नाही.

बाईंची स्वतःची सवय याहून साधी होती. शेगडी असो, स्टोव्ह असो, पुढे गॅस आला तेव्हा गॅस असो, पेटवण्याआधी त्या मऊ सुताची पुंजणी त्यावरून फिरवीत: बर्नरवरून, पायांवरून, खालच्या फरशीवरून. मुंगी, झुरळाचे पिलू, रात्री दिव्यावर येऊन पडलेली पाखरे, जे असेल ते हलक्या हाताने बाजूला. अग्नी पेटवण्यात तेउकायाची हिंसा आहेच; गृहस्थाला ती टाळता येत नाही. जी टाळता येते ती टाळायची, एवढीच जयणा. सुना पहाटे स्वयंपाकघरात शिरल्या की देवघरातून पहिला प्रश्न येई: “पुंजले का?” एखाद्या दिवशी कुणी उगाच “हो” म्हटले तर बाई काही बोलत नसत, पण त्यांना कळत असे, आणि सुनेलाही कळत असे की त्यांना कळले.

गॅस आल्यावर स्टोव्ह फक्त प्रवासापुरता उरला. पालिताणा, शिखरजी, राजस्थानातील कुलदेवीचे ठाणे, कुठेही निघायचे तर पितळी स्टोव्ह, रॉकेलचा डबा, परात, गाळणे आणि पिनांची पुडी असा संच निघे. त्या काळी रेल्वेच्या डब्यातसुद्धा कोपऱ्यात स्टोव्ह पेटवून पाणी उकाळणारी कुटुंबे असत आणि त्याचे कौतुकाने वर्णन होई. ते कौतुक आता पुरे. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या १६४ व्या कलमानुसार धोकादायक पदार्थ घेऊन गाडीत चढणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी २६ ऑगस्ट २०२३ ची पहाट विसरता येत नाही. मदुराई स्थानकाजवळ यात्रेकरूंचा एक खास डबा उभा होता. आत चोरून नेलेला गॅस सिलिंडर होता. आग लागली आणि नऊ जण गेले. तेही यात्रेलाच निघाले होते.

या घराने रेल्वेतून शेगडी नेणे फार आधीच सोडले. आता लांबचा प्रवास गाडीने होतो, आणि पितळी स्टोव्हच्या जागी प्लास्टिकच्या पेटीत मावणारी, लहान डबीच्या गॅसवर चालणारी शेगडी आली आहे. डबीतला गॅस मुख्यतः ब्यूटेन. तो शून्याच्या किंचित खाली द्रवच राहतो, म्हणून हिमालयातल्या थंडीत ही शेगडी मंदावते आणि माणसे बर्नर तुंबला म्हणून तो खोलत बसतात. खरे तर डबी गारठलेली असते. ती हातांत धरून किंवा कोमट पाण्यात ठेवून ऊब द्यायची, ज्योतीजवळ मात्र कधीही न्यायची नाही. या शेगडीला पंप नाही, काकडा नाही, पिन नाही. कळ फिरवली की ठिणगी पडते. दुकान आता सांभाळणाऱ्या धाकट्या शेठजींनी तीच मोठ्या विश्वासाने आणली होती. पिनांचा धंदा करणाऱ्याच्या घरात पिनेची गरज नसलेली शेगडी, अशी थट्टाही झाली.

परंतु छिद्र याही शेगडीला आहे, आणि हवा ओढणारी नळीही आहे. ही नळी कोळ्याला फार आवडते. आडोसा, अंधार, गॅसचा अंश राहिलेला वास. काही जातींचे कोळी या वासाकडे ओढले जातात. वर्षभर माळ्यावर पडून राहिलेल्या शेगडीच्या नळीत जाळे सापडणे ही जगभरची नित्याची गोष्ट आहे. जाळे नळीत असले की गॅस बर्नरपर्यंत नीट पोहोचत नाही; तो हवेच्या भोकातून मागे सांडतो. तिथे तो पेटला तर ज्योत बर्नरवर नसते, डबीच्या बाजूला असते.

घरातील मोठ्या सूनबाई, ज्यांना लहानथोर सारे ‘भाभी’ म्हणतात, त्यांचे वर्षीतप पूर्ण होत आले होते. तेरा महिने एक दिवस उपवास, एक दिवस बियासणे. पिण्याला फक्त उकाळलेले पाणी, तेही सूर्यास्तापर्यंतच. अक्षय तृतीयेचे पारणे पालिताण्याला करायचे ठरले आणि दोन्ही भाऊ, भाभी, धाकट्यांचा अभियांत्रिकीला असलेला मुलगा असे चौघे गाडीने निघाले. नाशिकहून पेठमार्गे गुजरातेत उतरणाऱ्या घाटात दुपारी पुढे कुठे तरी ट्रक उलटला आणि वाहने जागच्या जागी थांबली. त्याआधीच्या एका वळणावर चालकाने करकचून ब्रेक दाबला होता. तेव्हा पहाटे उकाळून घेतलेल्या पाण्याचा डबा कलंडला होता, हे थांबल्यावर लक्षात आले. उन्हाळ्यात उकाळलेले पाणी पाच प्रहर चालते. ते रात्रीपर्यंत पुरले असते. डब्यात दोन घोटही उरले नव्हते.

वैशाखाचे ऊन, उपवासाचा दिवस, भाभींनी शेवटचे पाणी घेतले ते बाराच्या सुमारास. मागे-पुढे मैलभर नुसती वाहने. सवा पाचला धाकट्या शेठजींनी शेगडी काढली. रस्त्यापासून आत, जिथे वाळले गवत नव्हते अशा उघड्या कातळावर दगडांचा आडोसा करून ती मांडली, कच्चे पाणी गाळून पातेले भरले आणि कळ फिरवली. ठिणगी पडली, ज्योत आली नाही. पुन्हा फिरवली. गॅसचा वास आला, ज्योत नाही. तिसऱ्यांदा कळ जरा अधिक उघडली. मुलाने खिशातून काड्यापेटी काढली आणि तो वाकला.

भाभी गाडीच्या दारात बसल्या होत्या. तिथूनच त्यांनी विचारले, “पुंजले का?”

धाकटे शेठजी थबकले. पुंजले नव्हते. घरी हे काम त्यांचे नव्हतेच. आणि घाटात, या गडबडीत, पुंजण्याची आठवण कुणाला? पण प्रश्न विचारणाऱ्या भाभी असल्या तरी तो आवाज कुणाचा होता हे त्यांना चांगलेच ठाऊक होते. त्यांनी कळ बंद केली, मुलाच्या हातातली पेटी घेतली, डबी वेगळी करून दूर ठेवली आणि वास विरू दिला. भाभींच्या पिशवीतली पुंजणी बर्नरवरून आणि खालच्या नळीच्या तोंडावरून फिरवली. सुताला एक पांढरा चिकट धागा लागून आला.

“जाळे आहे,” मुलगा म्हणाला. “काका दुकानातली तार घालून एका झटक्यात निघेल. नाहीतर पेटवली की जळून जाईल आपोआप.”

“जळणार नाही,” धाकटे शेठजी म्हणाले. “गॅस इथून मागे सांडत होता. तू काडी ओढली असतीस तर इथे पेटले असते.” त्यांनी हवेचे भोक दाखवले, आणि मग काडीपासून दोन हात दूर ठेवलेली डबी.

मुलगा गप्प झाला. पण तारेचा प्रश्न उरलाच. पेटीतून त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढला, बर्नरचे दोन स्क्रू सोडवले आणि नळी आकाशाकडे धरून वडील ज्या रीतीने पाहत त्याच रीतीने एक डोळा मिटून आत पाहिले. जाळे नळीच्या मधोमध होते. त्यात पांढरी, वाटाण्याहून लहान अशी अंड्यांची पिशवी, आणि तिच्यापाशी तपकिरी रंगाचा एक बारीक कोळी. जिवंत. पाय हलत होते.

तार घातली असती तर अर्ध्या मिनिटाचे काम. मोठ्या भावांनी घड्याळ पाहिले. साडेपाच होत आले होते. त्या दिवशीचा सूर्यास्त सहा पंचावन्नचा. पाण्याला तीन उकळ्या यायच्या, मग ते निवायचे. त्यांनी धाकट्या भावाकडे पाहिले आणि स्पष्टच म्हटले, “हिचा चेहरा बघ. सकाळपासून ऊन लागलंय. आता कोळ्याचा विचार करत बसायची वेळ नाही. प्रायश्चित्त मी घेईन.”

हे बोलणे निष्ठुर नव्हते. साठीला आलेल्या बायकोच्या प्रकृतीची काळजी त्यात होती, आणि घाटात डॉक्टर कुठून आणणार हा हिशेबही. जे रोज सामायिक करतात, इरियावहियं सूत्र म्हणतात, त्या सूत्रात वाटेत तुडवल्या गेलेल्या जीवांची जी यादी येते तिच्यात कोळ्याचे जाळेही आहे, हे त्यांना पाठ होते. चालताना नकळत तुडवले गेलेले जाळे आणि डोळ्यांसमोर धरलेले जाळे यांत फरक असतो, हेही माहीत होते. म्हणूनच प्रायश्चित्ताचे बोलणे आधी आले.

भाभी उठून कातळापाशी आल्या. “पाणी नाही मिळालं तर तिविहाराचा चौविहार होईल,” त्या म्हणाल्या. “तेरा महिन्यांत तीन-चारदा झालाच आहे. तुम्ही हळू करा.” आणि सावलीला बसल्या. खरे तर त्यांच्या ओठांना कोरड पडली होती आणि बसताना त्यांनी दगडाचा आधार घेतला, तो सगळ्यांनी पाहिला.

मग हळू करणे सुरू झाले. झाडूतला एक हीर घेऊन त्याच्या टोकाला मुलाने पुंजणीचेच चार धागे बांधले. नळी आडवी धरली, दूरच्या तोंडाशी कागदाची पुंगळी लावली आणि या तोंडातून धागे आत सरकवले. पहिल्यांदा नुसते जाळ्याचे धागे आले. दुसऱ्यांदा कोळी पुंगळीत उतरला. अंड्यांची पिशवी नळीला चिकटली होती; ती सुटेना. मुलाने श्वास रोखून हिराचे टोक तिच्या खालून फिरवले, एकदा, दोनदा, पाचदा. ज्याने मघाशी तार मागितली होती त्याच्या कपाळावर आता घाम होता आणि कुणी घाई केली असती तर त्याला राग आला असता. पिशवी अखंड बाहेर आली. पुंगळी त्याने रस्त्याच्या वरच्या अंगाला, करवंदीच्या जाळीत, मुळाशी सावलीत ठेवली.

धाकट्या शेठजींनी निपल काढून प्रकाशाकडे धरले, त्यातून गोल प्रकाश येतो की नाही ते पाहिले. एक तंतू अडकला होता, तो कापडाने टिपला. निपलला सुई लावायची नाही, ही वडिलांची शिस्त इथेही तशीच लागू होती. बर्नर बसवला, स्क्रू आवळले, डबी जोडली. साबणाचे पाणी जोडावर लावून बुडबुडा येतो का ते पाहिले. गॅस गळतो का हे काडी ओढून कधी पाहू नये. बुडबुडा आला नाही. पुन्हा पुंजले. कळ फिरवली. पहिल्याच ठिणगीला निळी ज्योत उभी राहिली.

सहाला दहा मिनिटे कमी होती. सव्वासहाच्या आत तिसरी उकळी येऊन गेली. पातेले परातीत रिकामे केले, परात वाऱ्याला धरली, पुन्हा पातेल्यात, पुन्हा परातीत. मागच्या गाडीतील एक गुजराती बाई हे कौतुकाने पाहत होती. तिने आपली मोठी ताटली आणून दिली, मग दोन भांड्यांचे काम तीन भांड्यांत होऊ लागले. सहा बत्तीसला पाणी पिण्याजोगे झाले. भाभींनी नवकार म्हटला आणि तीन पेले पाणी घेतले, सावकाश, मध्ये थांबत. चौथा पेला त्यांनी भरून ठेवला. तो सूर्यास्ताआधी आठ मिनिटे घेतला आणि पच्चक्खाण केले.

तेवढ्यात पुढच्या वळणावर इंजिनांचे आवाज सुरू झाले. ट्रक बाजूला काढला होता. एकेक वाहन हलू लागले, मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. मोठे भाऊ गाडीत बसले, मुलगा दार उघडून उभा राहिला. बर्नर मात्र अजून तापलेला होता. तापलेली शेगडी पेटीत बंद करून डबीशेजारी ठेवता येत नाही. धाकट्या शेठजींनी डबी काढून घेतली, शेगडी कातळावर तशीच उघडी ठेवली आणि ती निवेपर्यंत ते तिच्या शेजारी बसून राहिले. गुजराती बाईची गाडी पुढे निघून गेली. ताटली परत करायची राहिली, हे त्यांच्या लक्षात आले ते घाट उतरल्यावर.